काटा मध्यावर

जादूने दार उघडत असेल तर किल्ली कशाला करायची, आणि किल्ली असेल तर जादूवाल्याला विचारतो कोण? हा प्रश्न मी माझ्या धाकट्या भावाला विचारला तेव्हा तो पोहे खात होता. त्याने चमचा खाली ठेवला आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. पोहे गार झाले, आई आतून करवादली, मला ऑफिसला उशीर झाला, तरी ह्याचं उत्तर चालूच. वास्तविक मी त्याला चिडवायला विचारलं होतं. पण तो खेळायचा त्या गेमबद्दल त्याला काही विचारायचं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

आमचं घर ठाकूरद्वारच्या एका वाडीत, दोन खोल्यांचं. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. आई, मी आणि तो. तो फोर्टला एका विमा कंपनीत होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, संध्याकाळी येऊन चहा प्यायचा आणि टीव्हीला तो काळा डबा जोडून गेम खेळायला बसायचा. तिशी उलटली तरी त्यात खंड नाही. आई म्हणायची, "डोळ्यांच्या खाचा होतील. त्या बाहुल्याला पळवतोस त्यापेक्षा स्वतः खाली पळ आणि नारळ घेऊन ये." तो नारळ आणायचा आणि पुन्हा बसायचा.

त्या गेमचे तीन भाग निघाले होते आणि तिन्ही त्याला तोंडपाठ. जुने मंत्र आणि नवी यंत्रं एकाच वेळी नांदतात अशा जगाची ती गोष्ट. पहिल्या भागात सगळी जादूच. यंत्रं आपली नावाला, एखादी पाणचक्की, एखादी पूल उचलायची कप्पी. दुसऱ्या भागात बनवणाऱ्यांना यंत्रांचं वेड लागलं. त्यांनी खेळणाऱ्याच्या हातात वाफेवर चालणारी एक तोफ दिली आणि तिच्यापुढे सगळे मंत्र फिके पडले. राक्षस आला, धडाम. दार बंद आहे, धडाम. माझा भाऊ असा काही संतापला होता की जणू त्याच्या खिशातून कोणी पाकीट मारलं. "ताई, अगं मंत्रांच्या मंगलाष्टका करून टाकल्या यांनी! म्हणायच्या म्हणून म्हणायच्या, लक्ष सगळ्यांचं जेवणाकडे!"

तिसऱ्या भागात त्यांनी काटा आणला. पडद्याच्या कोपऱ्यात तराजूचा असतो तसा एक छोटा काटा. मंत्र म्हटला की तो डावीकडे झुकायचा, यंत्र चालवलं की उजवीकडे. फार मंत्र म्हटले तर जवळची यंत्रं गंजून बसायची. फार यंत्रं चालवली तर त्यांच्या धुरात मंत्र आठवेनासे व्हायचे. आणि दोन्ही अंदाधुंद वापरत सुटलं तर तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. बहुतेक लोक कुठल्या तरी एका बाजूला कलून खेळायचे, कारण तसं सोपं पडतं. माझा भाऊ काटा मध्यावर ठेवून खेळायचा. मध्यावर म्हणजे मध्यावर, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. मी विचारायची, "एवढा तोल कधी बँकेच्या खात्यात ठेवलास का रे?" तो म्हणायचा, "तिथे ठेवायला काहीतरी असावं लागतं."

शेवटाला एक शहर होतं. शहराबाहेर एक पूल आणि पुलापलीकडे दोन वेशी. एका वेशीतून गेलं की जगात मंत्र उरणार, यंत्रं संपणार. दुसरीतून गेलं की उलटं. माझा भाऊ पुलापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. "अख्खा भाग तोल सांभाळ, तोल सांभाळ म्हणून आमच्या बोकांडी बसायचं आणि शेवटी म्हणायचं एक निवड? ह्यॅ! कुठेतरी तिसरी वाट असणार." जगभरच्या खेळणाऱ्यांच्या चर्चा तो वाचत बसायचा. ती वाट कोणालाच सापडली नव्हती. मग रोज संध्याकाळी हा पुलाचा दगड न् दगड चाचपून बघायचा, आणि काही हाती लागलं नाही की पुन्हा पुलाच्या मधोमध येऊन उभा राहायचा आणि डबा बंद करायचा.

आणि मग त्याला ताप आला. साधा ताप. मी त्याला म्हटलंसुद्धा, नाटकं करू नकोस, आल्याचा चहा पी आणि झोप. तो ताप मेंदूत गेला. परळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तो मला ओळखत होता, दुसऱ्या दिवशी ओळखत नव्हता. आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि एका संध्याकाळी मी तो डबा लावला. का लावला ते विचारू नका. काहीतरी आवाज हवा होता घरात. पडदा उजळला आणि त्याचा गडी समोर आला, पुलावर, त्याने जिथे ठेवला होता तिथेच. अंगावर करड्या रंगाची फाटकी शाल, हातात कंदील, कोपऱ्यात काटा बरोबर मध्यावर. कोणी बटण दाबलं नाही की तो गडी आपला आपण काहीतरी करत राहतो. या पायावरचा भार त्या पायावर घेतो, वर आभाळाकडे बघतो, मान खाजवतो.

आई देवापाशी दिवा लावून बाहेर येत होती. ती तशीच थबकली.

"अगं, हा मान खाजवतोय."

"गेममध्ये तसं असतं, आई. कोणी बटण दाबलं नाही की तो असंच करतो."

"आता कोण दाबणार त्याचं बटण," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या दिवसापासून आमच्या घरात नेमच पडला. दिवेलागण झाली, शुभं करोति झालं की आई म्हणायची, "लाव गं त्याला." मी डबा लावायची आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसायचो. हीच आई, जी त्या बाहुल्याच्या नावाने बोटं मोडायची. पदराला हात पुसत मला विचारायची, "याला थंडी वाजत असेल का?" एकदा म्हणाली, "कधीचा उभा आहे. बसव की त्याला जरा." मी समजावलं, बसवायचं तर त्याला मागे शेकोटीपाशी न्यावं लागेल, म्हणजे भावाने त्याला जिथे उभं केलंय ती जागा बदलेल. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग नको. जिथे आहे तिथे असू दे." मी त्या खेळातल्या एकाही बटणाला बोट लावलं नाही. डबा लावायचा, बघायचं, बंद करायचा.

एक दिवस तिने काट्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं होतं तिच्या डोक्यावरून जाईल, पण माझ्या भावाला मला समजवायला जेवढे दिवस लागले त्याच्या निम्म्या वेळात तिला कळलं. "म्हणजे देवाचं आणि विजेचं दोन्ही सांभाळायचं. एकाने दुसऱ्याला मारायचं नाही."

"तसंच समज."

"आणि जमवलंन् त्याने," ती म्हणाली. केवढा अभिमान होता त्या आवाजात! तो असताना हे एकदा जरी त्याला ऐकू आलं असतं तर घरभर नाचला असता.

वर्षभर आमच्याकडे सण नव्हता. वर्षश्राद्ध झालं आणि नंतर आला तो पहिला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाटावर विळी, कात्री, शिवणयंत्र, माझा लॅपटॉप, पुस्तकं, आणि गेली कित्येक वर्षं त्याचा तो डबासुद्धा. झेंडू आणि आपट्याची पानं आणायचं काम माझं. दर दसऱ्याला मी सकाळी दादरच्या फुलबाजारात जाते, धक्के खाते, भाव करते, भांडते आणि पूजा झाल्यावर घरी पोचते. त्या वर्षीही तसंच झालं. मी आले तोवर पूजा होऊन गेली होती.

आणि कशी! मन लावून केलेली. डब्यावर हळद, कुंकू, अक्षता, चंदनाचं बोट. पळीने पाणी घातलेलं. वर एक टपोरं ओलं फूल, अगदी त्या जाळीवर, जिथून डबा हवा घेतो. पाटावर लाल पाणी साचलं होतं. आई हात जोडून बसली होती आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा निवलेला दिसत होता. मी काय बोलणार? मी फूल उचललं, जाळी पदराने टिपली आणि म्हटलं, दिवसभर उन्हात ठेवते. तिने ठेवू दिला नाही. पूजेतली वस्तू त्या दिवशी हलवायची नसते.

तरी संध्याकाळी तीच म्हणाली, "लाव गं. सणाचा दिवस आहे, त्याला बघू तरी दे." मी नको म्हणायला हवं होतं की काय, कोण जाणे. मला वाटलं वाळलं असेल. बटण दाबलं. चर्रर्र झालं. कढईत ओली भाजी टाकल्यावर होतं तसं. मग जळका वास, आणि पडदा काळा.

"काय झालं गं?"

"काही नाही. जुना झालाय तो. गेलं असेल आतलं काहीतरी. दुरुस्त करून आणते," मी म्हटलं. आवाज अगदी सरळ ठेवला.

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. आत लाल चिखल होता, आणि त्यात तांदूळ. "पूजा की ना, मॅडम? दसरे के बाद आते हैं ऐसे," तो म्हणाला. हसत होता, माझा चेहरा बघून थांबला. त्याने खटपट केली, नाही असं नाही. पण मुख्य पट्टी जळली होती, आणि आत साठवलेलं सगळं त्या पट्टीशिवाय उघडतच नाही म्हणे. क्लाऊड-बिऊड माझ्या भावाने कधी घेतलंच नव्हतं. त्याचं म्हणणं, माझा गडी माझ्या घरात आहे, त्याला आभाळात कशाला ठेवू. दुकानदार म्हणाला, "गेम ही तो है, फिर से खेल लो." बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मी दुकानाबाहेर फुटपाथवर उभी राहून ढसाढसा रडले. तिथून वायरींची भेंडोळी घेऊन जाणारे लोक मला वळसा घालून गेले.

मंत्र यंत्राच्या फार जवळ आला की यंत्र गंजतं. भावाने मला हे शंभरदा सांगितलं होतं आणि मी शंभरदा जांभई दिली होती.

आईला मात्र हे कळता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. एकदा पोरगा गेला. आता तिच्या हातचं पाणी पडून तो पुलावरूनही गेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी ठरवलं, परत खेळायचं. पहिल्यापासून. तीच शाल, तोच कंदील, तोच पूल. तसाच एक जुना डबा विकत घेतला आणि लालबागला माझ्या ऑफिसातली मैत्रीण राहते तिच्या घरी ठेवला. आईला सांगितलं, दुरुस्तीला वेळ लागतोय, एक भाग बाहेरून येतोय. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मैत्रिणीकडे जायचं, खेळायचं, आणि मग घरी.

आणि बोंबला! मला कुठला जमतोय तोल? माझा स्वभाव हा असा, नाकावर राग. समोर काही आलं की मी यंत्र चालवून मोकळी. काटा उजवीकडे पडायचा, मंत्र विसरायचे. मग घाबरून मंत्रांचा सपाटा लावायचा की यंत्रं गंजायची. मैत्रीण म्हणायची, अगं जरा दमाने. मला वाटायचं तोल म्हणजे एक याचं, एक त्याचं, वाटणी केली की झालं. तसं नव्हतं ते. पुष्कळ महिने घालवल्यावर मला कळलं की भाऊ बहुतेक वेळा दोन्हीतलं काहीच वापरत नसणार. नदी आडवी आली तर मंत्राने गोठवता येते, यंत्राने ओलांडता येते, आणि नाहीतर काठाकाठाने उतार सापडेपर्यंत चालत जाता येतं. तो चालत गेला असणार. हातात दोन्ही असताना काहीच न करता चालत राहायचं, म्हणून काटा जागचा हलत नव्हता. हे कळलं तेव्हा मला त्याचा एवढा राग आला! गधड्या, हे पोहे खाताना नाही सांगितलंस मला? सांगितलंही असेल. मी ऐकत कुठे होते.

शेवटी पोचले पुलावर. काटा मध्यावर आणला, अगदी जवळजवळ. शाल करडी, हातात कंदील. त्याचा गडी उभा असायचा त्याच दगडावर आणून उभा केला. डबा घरी आणला, जोडला, आणि दिवेलागणीला आईला हाक मारली. "आई, ये. झाला बघ दुरुस्त."

ती आली. पदराने चष्मा पुसला. बसली. गड्याने भार बदलला, वर बघितलं, मान खाजवली. मी पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

ती पडद्याच्या कोपऱ्याकडे जरा वाकली. मग म्हणाली, "हा तो नाही."

"अगं, तोच आहे. हे बघ, शाल..."

"काटा बघ. किंचित उजवीकडे आहे. त्याचा कधी असा नव्हता." तिने माझ्याकडे बघितलं. "तू खेळलीस ना हा? म्हणून रोज उशीर होत होता."

मी मान खाली घातली. ती माझा हात धरून म्हणाली, "मला माहीत होतं गं. पहिल्या दिवसापासून. तू दरवर्षी दादरला असायचीस, तुला कुठून ठाऊक असणार? दर दसऱ्याला तो पाटाशी पहारा देत उभा राहायचा. 'आई, पाणी नाही हं. लांबून एक बोट कुंकवाचं, बस.' मी म्हणायचे, मेल्या, देवाला शिकवतोस? आणि त्याचं ऐकायचे. त्या दिवशी तो नव्हता सांगायला. संध्याकाळी तो वास आला तेव्हा मला त्याचा आवाज आठवला. सकाळी का नाही आठवला? सांग ना. सकाळी का नाही आठवला?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू एवढं जिवापाड लपवत होतीस. म्हटलं, हिला तरी वाटू दे की मला माहीत नाही."

म्हणजे मी तिच्यासाठी हसत होते आणि ती माझ्यासाठी. आणि त्या पायी दोघींपैकी एकीलाही धड रडता आलं नव्हतं. त्या संध्याकाळी रडलो. ती म्हणाली, "जन्मभर पूजा केली, कधी हात चुकला नाही. चुकला तो नेमका त्याच्यावर." मी म्हटलं, आई, तो डबा होता. ती म्हणाली, "हो गं, डबाच." पण तसं आम्हा दोघींनाही वाटत नव्हतं. मी माझा गडी बंद केला आणि पुन्हा कधी लावला नाही. पुढच्या वेशींचं काय, तिसरी वाट होती का, मला ठाऊक नाही. ज्याला शोधायची होती तो गेला.

यंदाच्या दसऱ्याला मी दादरहून फुलं घेऊन आले तर पाट मांडलेला, पण कोरा. वस्तू सगळ्या बाजूला ठेवलेल्या. आई आत ओट्याशी पुरीची कणीक मळत होती.

"आई, पूजा राहिलीये."

"तू कर."

"मला कुठे येतं सगळं? ये ना."

"तूच कर," ती म्हणाली. मागे वळली नाही. "माझा हात नको लागायला कशाला."

मी पाटावर लॅपटॉप ठेवला, विळी ठेवली, कात्री ठेवली. मला काय येत होतं तेवढं म्हटलं. आतून ती मधून मधून विचारत होती, "झालं का गं? झालं का?" मी म्हणत होते, हो, होतंय. बाहेर काही ती आली नाही.